दुखलं नाही ना?

९ जानेवारी

नऊची वेळ दिलेली, भूलवाले डॉक्टर उगवले पावणेदोनला. तोवर आजी उपाशीपोटी खाटेवर आणि मी खोलीत येरझाऱ्या घालतेय. आल्या आल्या त्यांनी आजींच्या छातीला नळी लावली, कागद चाळले आणि चष्मा पुसत म्हणाले, "हृदय हे असं, त्यात दमा. मी काही यांना भूल देणार नाही, मॅडम. चौऱ्याहत्तर वय झालं, राहू दे आता."

राहू दे! अकरा वर्षं या बाईचं अंग बाहेर येतंय. बसते ती एका कुल्ल्यावर. लघवीला गेली की आधी हाताने सगळं आत ढकलते, मग मोकळी होते. माझ्याकडे येण्याआधी तिघांनी राहू दे म्हणून झालंय. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांचं काय जातंय?

मी म्हटलं, "तुमच्या आईचं असं झालं असतं तर राहू दे म्हणाला असतात?"

त्यांनी बॅग उचलली. "मला झेपत नाही ते मी करत नाही. तुम्हीही करू नका." आणि चालते झाले. मोठ्या सिस्टर एवढंच म्हणाल्या, "मी चहा टाकला होता त्यांच्यासाठी." तो मी प्यायले. रागात साखर आहे की नाही तेही कळलं नाही.

एकवीस वर्षं या माणसाच्या वेळेवर माझं ऑपरेशनचं टेबल चाललंय. आता बास.

१७ जानेवारी

तीन वर्षांपूर्वीच्या एका कार्यशाळेची वही शोधून काढली. पूर्ण भूल नाही, कमरेत सुई नाही. जिथे कापायचं तिथेच बधिर करायचं, शिरेतून थोडं गुंगीचं औषध द्यायचं, आणि बाई अर्धवट जागी असताना खालून ऑपरेशन करायचं. तेव्हा आम्ही मागच्या रांगेत बसून हसलो होतो. आज वही उघडून नीट वाचली तर त्यात हसण्यासारखं काही नाही. एकच अट मी तेव्हा दोनदा अधोरेखित केलेली दिसली: बधिर करण्याची इंजेक्शनं दिली की पूर्ण दहा मिनिटं थांबायचं. घाई केली तर सगळं मुसळ केरात.

आमचे हे फिजिशियन. सकाळी दोन तास दवाखाना, उरलेला दिवस शब्दकोडं. त्यांना म्हटलं, "गुंगीचं औषध तुम्ही द्यायचं, नाडी आणि ऑक्सिजन तुम्ही बघायचा."

"विचारतेस की सांगतेस?"

"सांगते."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि उभे शब्द भरायला लागले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, या माणसाने मला एकदाही नाही म्हटलेलं नाही. मैत्रिणींना हेवा वाटतो. त्यांना काय माहीत, भिंतीशी संसार करायला किती दमछाक होते ते.

२ फेब्रुवारी

झालं! आजींचं झालं!

सगळं लिहून ठेवते. आदल्या रात्री झोप नव्हती, हे कुणाला सांगितलं नाही, इथे लिहिते. माझ्या हातून आजी टेबलावर गेली असती तर भूलवाले गावभर सांगत फिरले असते. ह्यांनी औषध दिलं, मी इंजेक्शनं दिली, आणि मग आम्ही सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. दहा मिनिटं. मोठ्या सिस्टर आजींच्या उशाशी, हात हातात घेऊन. त्यांचं काम तेवढंच: हात धरायचा आणि बोलत राहायचं. बावीस वर्षं माझ्याकडे आहेत. त्यांच्या आवाजात काहीतरी आहे, तापलेलं पोरही गप्प होतं.

आजींनी ऑपरेशनभर शेजारणीची गाऱ्हाणी सांगितली. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडण, सोळा वर्षांचं. मी पिशवी काढतेय आणि आजी म्हणतायत, "मी तिला सांगितलं, दोरी माझी, खुंटी माझी, तुझे चादरीचे बोळे कुठले?" ह्यांना हसू आवरेना, मॉनिटरसुद्धा हलला. सव्वा तासात टाके घालून मोकळी.

सकाळी आठला राऊंडला गेले आणि विचारलं, "काय आजी, दुखलं नाही ना?"

"काही नाही गं पोरी. आठवतसुद्धा नाही मला."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. मी बाहेर येऊन बाथरूममध्ये रडले. आता एक वही घालते. नंबर, वय, ऑपरेशन, लागलेला वेळ, आणि शेवटचा रकाना: सकाळी आठ, दुखलं? होय किंवा नाही.

१. नाही.

२३ फेब्रुवारी

आठ झाल्या. आठही 'नाही'. एक तर टेबलावर घोरत होती. दुसरीने सिस्टरला आपल्या मुलाचं लग्न कुठे जमवावं यावर सल्ला विचारला आणि सिस्टरने दिलासुद्धा. या सगळ्या अशाच, कुणाचं हृदय, कुणाचा दमा, कुणाचं वय. सगळ्यांना राहू दे म्हटलेलं. आज पहिल्या आजी तपासायला आल्या आणि खुर्चीवर सरळ बसल्या, दोन्ही कुल्ल्यांवर. मला आयुष्यात कुणी बक्षीस दिलं नाही. हे मिळालं.

२१ मार्च

सव्वीस. गावोगावहून येतायत. आता धडधाकट बायकाही म्हणतात, "ती जागेपणी करता तशीच करा, घरी लवकर जाता येतं." मी म्हणते करू. भूलवाल्यांकडे हात पसरायला नको, कुणाची वाट बघायला नको. आपला हात जगन्नाथ. मंगळवारी आणि शुक्रवारी लावते, कधी दोन-तीन, कधी पाच. बाहेरच्या बाकड्यावर सकाळपासून बायकांचा मेळा. आलेली, गेलेली, तपासणीची, नवी, सगळ्या एकमेकींना लागून बसतात आणि मी दार उघडलं की गप्प होतात. केवढा धाक बसलाय माझा.

आज तिसऱ्या बाईच्या वेळी सिस्टर उगाचच म्हणाल्या, "मॅडम, घड्याळ."

"घड्याळाला काय झालंय?"

"चारच मिनिटं झालीत."

दहा-दहा मिनिटं पाचदा हातावर हात ठेवून बसले तर जेवायला संध्याकाळ होईल. आणि हात बसलाय आता, मला बोटाला कळतं कुठे बधिर झालंय ते. ह्यांना म्हटलं औषध जरा वाढवा. त्यांनी वाढवलं. सिस्टरचं वय झालंय, जरा जरा गोष्टीला बिचकतात. गुडघेही धरलेत बहुतेक, हल्ली स्टुलावर तिरक्या बसतात. म्हटलं, "वजन कमी करा." "हो," म्हणाल्या.

१६ एप्रिल

एकेचाळीस. सिस्टरला गाण्यांचं वेड लागलंय. थिएटरमध्ये जुना रेडिओ आणून ठेवलाय आणि मी सुरू केलं की आवाज मोठा करतात. मला म्हणतात, "बायकांचं मन रमतं." बाहेर बाकड्यापर्यंत ऐकू जातं म्हणे. मला काय, मलाही गाणी आवडतात. फक्त कधीकधी माझं मलाच बोलणं ऐकू येत नाही.

भर उन्हाळ्यात त्या मनगटापर्यंत बाह्यांचं जाकीट घालायला लागल्यात. विचारलं तर म्हणतात थिएटरमध्ये एसीची थंडी वाजते. एसी तर चार महिन्यांपासून धड चालत नाही.

पत्र आलं! परिषदेत बोलवलंय, ऑगस्टमध्ये. विषय मीच कळवला होता, 'पूर्ण भुलीशिवाय शंभर ऑपरेशनं'. म्हणजे जुलैअखेर शंभर व्हायलाच हवीत. शंभर झाली आणि मोठ्या सभागृहात पडद्यावर माझी वही दिसली, की या प्रांतात कुणी कुठल्या म्हातारीला राहू दे म्हणणार नाही. आणि खरं सांगायचं तर भूलवाले पहिल्या रांगेत बसलेले मला बघायचेत. असं वाटणं चांगलं नाही, पण वाटतं.

९ मे

मॉनिटर बघत हे आज म्हणाले, "नाडी एकशे चाळीस आहे."

मी म्हटलं, "घाबरलेल्या असतात."

"बराच वेळ एकशे चाळीस आहे."

"मग औषध द्या ना, शब्दकोड्यातला शब्द आहे का तो, बघत काय बसलाय?"

दिलं. नंतर शांत झाली. सकाळी विचारलं, "दुखलं नाही ना?" डोळे मिटूनच मान हलवली, नाही. ६३. नाही. मग हे एवढा मोठा चेहरा करून का फिरतायत दिवसभर?

२२ मे

मोठ्या सिस्टर दुपारी केबिनमध्ये आल्या, दार लावून उभ्या राहिल्या. मला वाटलं रजा हवी.

"मॅडम, तुमच्या वहीत एक रकाना वाढवाल का?"

"कसला?"

"टेबलावर काय म्हणाल्या त्याचा. मी सांगेन, तुम्ही लिहा."

मी हसले. म्हटलं, "सिस्टर, गुंगीत माणूस वाट्टेल ते बडबडतं. दारू प्यायलेल्याचा जबाब कोर्टात घेतात का? शुद्धीवर असताना जे सांगतात ते खरं. म्हणून तर मी सकाळी विचारते."

"गुंगीत खोटं बोलायचं भान असतं का, मॅडम?"

मला राग आला. आला तो आला. बोलून गेले, "तुम्हाला उशाशी हात धरायला उभं केलंय, वकिली करायला नाही." त्यांनी मान खाली घातली, "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. मग मला वाईट वाटलं. संध्याकाळी माझ्या डब्यातलं अर्धं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी खाल्लं नाही, पोट बिघडलंय म्हणाल्या.

६ जून

पंच्याऐंशी. आणि नेमक्या आता सिस्टर पंधरा दिवसांच्या रजेवर! भाचीकडे जायचंय म्हणे. बावीस वर्षांत या बाईने सलग चार दिवस घेतले नाहीत. म्हटलं, शंभर होईपर्यंत थांबा. "नाही थांबता येणार, मॅडम." नाक वर करून नाही, अगदी मऊ आवाजात. पण नाही म्हणजे नाही. मी दुसऱ्या दोघींना विचारलं, उशाशी कोण उभी राहील? दोघींनीही मिठाची गुळणी धरली. एकीने तर सरळ सांगितलं, बाळंतपणाची कितीही कामं सांगा, पण तिथे उभं करू नका. काय लाडावून ठेवलंय मी यांना!

९ जून

एकोणनव्वदावी बाई बस कंडक्टर. बत्तीस वर्षं उभ्याने तिकिटं फाडून अंग खाली आलेलं. तोंड असं की टेबलावर चढताना म्हणते, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे!" मला आवडली. उशाशी कुणी नाही म्हणून ह्यांना म्हटलं, मॉनिटर तिथूनही दिसतो, हात तुम्ही धरा.

जे झालं ते लिहायचं म्हणून लिहिते.

सकाळपासून पाच लावलेल्या, ही चौथी. इंजेक्शनं दिली आणि सुरू केलं. रेडिओ लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. आत शिरले तशी ती बाई ओरडली. बडबड नाही, ओरडली. मी म्हटलं, झालंच, झालंच. ती म्हणाली, "बाई थांबा, थांबा हो, पाया पडते." मला वाटतं हे सगळ्या म्हणतात, मी कधी ऐकलं नाही एवढंच. हात कसे थांबणार, चिमटे लावलेले, रक्त येतंय.

आणि हे म्हणाले, "थांब."

मी वर बघितलंसुद्धा नाही.

"अगं थांब! हिला दुखतंय!"

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मी काय म्हणाले? माझ्या तोंडून जे आलं ते मी अजून ऐकतेय. मी म्हणाले, "तिला आठवणार नाही."

ह्यांनी आणखी औषध दिलं, मी आणखी इंजेक्शनं दिली, आणि खरंतर मग चारेक मिनिटं थांबलेही. त्यानंतर ती गप्प झाली. ऑपरेशन उत्तम झालं. पाचवीला घरी पाठवलं, सिस्टर परत आल्या की या म्हटलं.

ह्यांनी हात धुताना माझ्याकडे पाठ केली. मनगटावर नखांच्या खुणा होत्या, चार, अर्ध्या चंद्रासारख्या.

१० जून

सकाळी आठ. कंडक्टरबाई उशीला टेकून चहा पीत होती.

"दुखलं नाही ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग कप खाली ठेवला आणि हसली. "छे हो, बाई! काही कळलंसुद्धा नाही. झोपेतच शेवटचा थांबा आला."

हुश्श! मी एवढी खूश झाले की तिचा हातच दाबला. पळत घरी येऊन ह्यांना सांगितलं, "बघा! तिला काही आठवत नाही!" ह्यांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही. कोडं कोरं होतं.

८९. नाही. लिहिलं. जे सांगितलं तेच लिहिलं.

१८ जून

भूलवाल्यांचा फोन. इतक्या महिन्यांनी. मला वाटलं परिषदेचं कळलं असेल, खुन्नस काढायला केलाय. तर म्हणतात कसे, "तुमच्या सिस्टर आता छान आहेत, मॅडम. परवा घरी सोडतील. म्हटलं तुम्हाला काळजी असेल."

"कुठून सोडतील?"

तेव्हा त्यांना कळलं की मला माहीत नव्हतं. सिस्टरचं अंग बाहेर येत होतं. दोन वर्षांपासून. ऑपरेशन शेजारच्या शहरात, मोठ्या दवाखान्यात, कमरेत सुई देऊन. आणि सुई दिली याच माणसाने.

स्टुलावर तिरक्या बसायच्या. मी म्हटलं होतं वजन कमी करा. दिवसाला चाळीस बायका तपासते मी, आणि बाजूला बसलेली दिसली नाही.

पण राग येतोच. माझ्या हाताखाली बावीस वर्षं काढलीत, माझ्या टाक्यांची वाखाणणी सगळ्या गावापुढे केलीत, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा परक्या हाताखाली? जगापुढे माझं तोंड काय राहिलं? उद्या जाते आणि विचारतेच.

१९ जून

गेले. लांबच लांब वॉर्ड, लोखंडी खाटा. सिस्टर खिडकीशी, दवाखान्याच्या अर्ध्या बाह्यांच्या झग्यात. मला बघून उठायला लागल्या, सवयीने. मी म्हटलं, पडून राहा.

"दुखलं का?" मी विचारलं. का कोण जाणे, आधी तेच आलं तोंडात.

"नाही, मॅडम. पाय कुणाचे तेसुद्धा कळलं नाही."

"माझ्याकडे का नाही आलात?"

त्यांनी चादर वर ओढली. तेव्हा मला त्यांचे हात दिसले. मनगटापासून कोपरापर्यंत अर्धे चंद्र. काही पांढरे पडलेले, काही तांबडे, काहींवर खपली. मी विचारणार होते हे काय म्हणून. विचारायची गरज पडली नाही. तसे चार मी ह्यांच्या हातावर पाहिलेत.

"पहिल्या वीस-पंचवीस जणींना खरंच दुखलं नाही," सिस्टर म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून आधी तेच सांगितलं असणार, तशा आहेत त्या. "तेव्हा तुम्ही थांबत होतात, मॅडम. मग थांबेनाशा झालात."

"मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं की. घड्याळ दाखवलं. रकाना मागितला."

मी म्हटलं, "पण सिस्टर, त्यांना आठवत नाही. निदान तेवढं तरी आहे ना?"

"असेल, मॅडम. त्या विसरत असतील, बरंच आहे त्यांचं. पण मला गुंगीचं कुणी दिलं नव्हतं." हे बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. तो आवाज चढतच नाही. "मी रेडिओ मोठा करायचे, बाहेरच्या बायकांनी ऐकू नये म्हणून. मग घरी जाऊन भाकरी थापायला बसले तरी माझे हात कुणीतरी धरून ठेवलेत असं वाटायचं. मी आले असते तुमच्याकडे, तर उशाशी कोण असतं माझ्या? कुणाचे हात ओरबाडले असते मी?"

"परत या. मी दहा मिनिटं थांबेन. पंधरा थांबेन. भूलवाल्यांनाही बोलावते, पाया पडून बोलावते."

"बोलवा त्यांना. नक्की बोलवा," म्हणाल्या. "पण मी नाही येणार, मॅडम. बायका रस्त्यात भेटतात, सिस्टर, तुमच्यामुळे काही कळलं नाही, म्हणतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही."

परतीच्या बसमध्ये रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. घरी आल्यावर ह्यांना विचारलं, "तुम्हाला रोज दिसत होतं. नाडी दिसत होती. तुम्ही का नाही बोललात?"

हे म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत आहे."

३० जून

तीन आठवडे एकही ऑपरेशन लावलेलं नाही. भूलवाल्यांना फोन केला, माफी मागितली. ते फार बोलले नाहीत. जिथे शक्य असेल तिथे भूल देतील. जिथे नसेल तिथे माझी पद्धत, पण घड्याळ त्यांच्या हातात. हृदयवाल्या म्हाताऱ्यांसाठी पद्धत चांगलीच आहे असंही म्हणाले, दहा मिनिटं थांबलं तर. ते तोंडात मारल्यासारखं लागलं. पद्धत चांगली होती, मीच नव्हते.

परिषदेला अजून कळवलेलं नाही. रोज पत्र लिहायला घेते. मग वही उघडते, आणि एकोणनव्वद वेळा माझ्याच अक्षरात 'नाही' लिहिलेलं दिसतं. खोटं काय आहे त्यात? माझ्या हातून दुखलं, हे कबूल. पण दुखणं त्यांच्यापाशी उरलं नाही. उरलं ते सिस्टरपाशी, आता माझ्यापाशी. औषधाने एवढी तरी दया केली. त्याच एका दोरीला धरून लोंबकळतेय मी.

२१ जुलै

कंडक्टरबाई आज तपासणीला आली. सहा आठवडे झाले. मी ठरवलं होतं, एकीला तरी सांगायचं. का, ते नीट सांगता येणार नाही. माझंच ओझं कमी व्हावं म्हणून असेल.

तपासायच्या आधी तिला समोर बसवलं आणि सांगितलं. "त्या दिवशी तुम्हाला खूप दुखलं होतं. तुम्ही थांबा म्हणालात. मी थांबले नाही. तुम्हाला आठवत नाही, पण मला सांगायला हवं."

तिने खुर्ची पुढे ओढली. "कोण म्हणालं आठवत नाही?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"सगळं आठवतं की. तुमचे मिस्टर थांब म्हणाले, तुम्ही म्हणालात तिला आठवणार नाही." हे ती रागाने म्हणाली असती तर मला बसता आलं असतं.

"पण सकाळी तुम्ही... मी विचारलं तेव्हा..."

"तुम्ही काय विचारलंत? दुखलं नाही ना, म्हणालात. आणि चेहरा असा, की पोरगं निकालाची वाट बघतंय. अजून ड्रेसिंग तुमच्याच हातात, टाके तुमच्याच हातात. डॉक्टरशी वाकडं घेऊन खाटेवर कोण पडून राहील, बाई?"

"मग बाकीच्या? त्यांनाही आठवतं?"

"काहींना आठवतं, काहींना नाही. औषधाचं काय, कुणाला चढतं, कुणाला नाही." तिने दाराकडे मान उडवली. "मला काय विचारताय, बाहेर बाकड्यावर विचारा. तिथे सगळं ठरलेलं असतं. जुनी बाई नवीला आधीच सांगून ठेवते: दुखेल, दम धर, ओरडलीस तरी चालेल, सिस्टरचा हात घट्ट पकड. आणि सकाळी बाई विचारायला येतील तेव्हा नाही म्हण. खूश होतात."

दार उघडलं की त्या गप्प व्हायच्या. माझा धाक म्हणायचे मी त्याला.

"हे माहीत असून येत का होतात माझ्याकडे?"

आता तिला खरंच आश्चर्य वाटलं. "मग जायचं कुठे? बाकीचे सगळे म्हणतात, वय झालं, राहू दे. तुम्ही करता तरी." मग मला समजावल्यासारखं म्हणाली, "हात चांगला आहे हो तुमचा. जाऊ दे ते. घेता ना तपासायला? मला दुपारची पाळी आहे."

मी हातमोजे घातले आणि तपासलं. टाके सुरेख भरले होते. तसं मी तिला सांगितलं.